मीठ परत नेण्याचा शब्द

मी रंगाऱ्याची मुलगी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तिथेच आहे. पाण्यावर संशोधन करणाऱ्या कचेरीत मी पहिल्या दिवशी हजर झाले, तेव्हा साहेबांनी माझा अर्ज वाचला, वडिलांच्या धंद्यापाशी थांबले आणि हसून म्हणाले, "रंगाऱ्याच्या घरातून थेट पाटबंधाऱ्यात? इथे लुगडी पिळायची नसतात, बाई."

"पिळायची वेळ आलीच तर येतं मला," मी म्हणाले.

हे उत्तर त्यांना आवडलं नाही. पण रसायनशास्त्राची पदवी घेतलेलं दुसरं कुणी त्या हंगामी जागेवर यायला तयार नव्हतं, म्हणून मी राहिले.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. कचेरी म्हणजे दोन खोल्या आणि मागे पत्र्याची एक शेड. तलावांचं आणि विहिरींचं पाणी मोजायचं, तपासायचं आणि त्याचे तक्ते करायचे, हे आमचं काम. फूट जाऊन मीटर येत होते, त्यामुळे प्रत्येक आकडा दोनदा लिहावा लागे आणि चुकायचा तो दोन्हीकडे वेगवेगळा चुके. सगळ्या कचेरीत बाई मी एकटीच.

घरी आम्ही मराठी बोलायचो आणि उंबऱ्याबाहेर पाय पडला की कन्नड. आमचे लोक बेंगळुरूच्या पेठेत कधी आले ते कुणाला आठवत नव्हतं, तीनशे वर्षं तरी झाली असावीत. नवे शेजारी विचारायचे, "तुम्ही मूळचे कुठले?" मी सांगायची, "इथलीच. तुम्ही?" वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णांचा दिवस भट्टी पेटवण्याआधी पाणी चाखून सुरू व्हायचा. हंड्यातलं एक ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे, जिभेवर फिरवायचे, मोरीत टाकायचे आणि मग सांगायचे, आज तुरटी स्वल्प जास्त. पाणी कळलं की रंग आपोआप कळतो, असं ते म्हणत. कॉलेजात मी जे बाटल्यांनी आणि काचेच्या नळ्यांनी शिकले ते त्यांच्या जिभेला आधीच ठाऊक होतं. हे मी त्यांना तेव्हा कधी सांगितलं नाही, याची मला आज चुटपुट लागते.

कचेरीकडे एका तलावाचं प्रकरण आलं. कोरमंगलाच्या पुढे सर्जापूरच्या रस्त्याला लागून एक गाव होतं, त्या गावाचा तलाव. आज त्या रस्त्याला काय गर्दी आहे ते सांगायला नको. तेव्हा बस कोरमंगलाच्या अलीकडेच सोडून द्यायची, आणि पुढे नाचणीच्या शेतांतून तासभर चालायचं. प्रश्न सरळ होता. शहर वाढत होतं. हा तलाव ठेवण्यासारखा आहे, की त्याचा बांध फोडून तळाची जमीन घरांसाठी द्यावी? आम्ही वर्षभर पाणी मोजून अहवाल द्यायचा होता, आणि अहवाल एका समितीपुढे जायचा होता.

मोजण्याची पद्धत साहेबांची. ओढ्यातून किती आलं ते मोजायचं. तलावाच्या तोंडातून कालव्यात किती सोडलं ते मोजायचं. उन्हाने किती उडालं ते पत्र्याच्या एका पसरट डब्यातल्या पाण्यावरून काढायचं. आणि बेरीज-वजाबाकी करून ज्याचा पत्ता लागत नाही ते सगळं शेवटच्या रकान्यात. त्या रकान्याचं नाव होतं 'नुकसान'. म्हणजे घरात दूध मापून आणायचं, चहाला किती गेलं ते लिहायचं आणि उरलेलं मांजराच्या नावावर टाकून मोकळं व्हायचं. दर महिन्याला तो रकाना इतका फुगायचा की तलाव म्हणजे चाळणीच वाटावी.

"पण साहेब, हे पाणी जातं कुठे?" मी एकदा विचारलं.

"जमिनीत."

"जमिनीत कुठे?"

"जमीन बरीच मोठी आहे," साहेब म्हणाले, आणि दुसरी फाइल ओढली.

साहेब वाईट माणूस नव्हते. एखादा आकडा कुणी खोटा लिहिला तर त्यांनी त्याला हात धरून बाहेर काढलं असतं. पण रकान्याचं नाव एकदा छापून आलं की ते देवाने ठेवलंय, असं त्यांना वाटे.

गावात तलावाचं पाणी सोडणारा एक म्हातारा होता. अशा माणसाला तिथे नीरगंटी म्हणतात. बांधाच्या पोटातलं लाकडी बूच कधी किती उचलायचं, कुठल्या शेताला किती वेळ पाणी, हे सगळं तो ठरवायचा. आणि त्याच्या स्वतःच्या मालकीची त्या पाण्याखाली वीतभर जमीन नव्हती. गावाची रीतच तशी होती, पाणी वाटणाऱ्याने स्वतःच्या शेताकडे बघून वाटू नये म्हणून. सुगीला कालव्यावरचे शेतकरी त्याला ठरलेलं धान्य देत. इथपर्यंत मला पुस्तकांतून माहीत होतं. पण एका सकाळी मी त्याच्यासोबत बांधावर बसले होते, तेव्हा खालच्या बाजूने एक बाई आली आणि वांगी, कोथिंबीर, एक भोपळा असलेली टोपली त्याच्यापुढे ठेवून निघून गेली.

"ही कालव्यावरची?" मी विचारलं.

"नाही. ती विहिरीवरची. कालव्याचा थेंबही घेत नाही."

"मग तुला भाजी का देते?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की शिकलेल्या लोकांबद्दल त्याला जे वाटत होतं ते पुन्हा एकदा पक्कं झालं असावं. "तिची विहीर कुठून भरते? या बांधाच्या पोटातून पाणी घाम सुटल्यासारखं खाली जातं. कालव्याचे लोक माझ्या हातून पाणी घेतात, विहिरीवाले बांधाच्या पोटातून घेतात. दोघांनी द्यायचं. माझ्या आजोबांपासून देतात."

मी धावतच कचेरी गाठली. साहेबांना सांगितलं की ते नुकसान नव्हे, ते विहिरींना जातं आणि गावाला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, इतकं ठाऊक आहे की ते त्याच्या बदल्यात भाजी देतात.

"भाजीची टोपली हा पुरावा नव्हे," साहेब म्हणाले. "अहवालात भोपळा लिहू का मी?"

सगळे हसले. मला मिरच्या झोंबल्या. मी म्हणाले, "पुरावा आणते."

आता हा पुरावा कसा आणायचा ते मी रंगाऱ्याची मुलगी म्हणूनच ठरवलं, आणि म्हणूनच चुकले. पाणी कुठून कुठे जातं ते बघायचं, तर त्याला रंग द्यावा, विहिरीत रंग उतरला की झालं. याहून सोपं काय? अण्णांच्या दुकानातून मी किरमिजी रंगाच्या पुड्या आणल्या. नीरगंटीने बांधाच्या पायथ्याला जिथे घाम जास्त सुटतो ती जागा दाखवली. तिथे दोन खड्डे खणले, त्यात तलावाचं पाणी भरलं, रंग कालवला आणि वाट बघत बसले. शंभरेक पावलांवर त्या भाजीवाल्या बाईची विहीर होती.

त्या बाईशी माझी ओळख तेव्हाच झाली. चाळिशी उलटलेली, नवरा वारलेला, मूल नाही. मळ्यात भाजी आणि अर्ध्या भागात अबोली. रोज पहाटे फुलं तोडायची, त्यांचे गजरे करून बाजारात पाठवायची. मी तिला अक्का म्हणायला लागले आणि ती मला तंगी, म्हणजे धाकटी बहीण. विहीर किरमिजी होणार हे ऐकून ती म्हणाली, "होऊ दे, फुलंही रंगीत आली तर भाव येईल."

मी रोज विहिरीत डोकावत होते. एक आठवडा, दोन आठवडे, तीन आठवडे. पाणी होतं तसंच स्वच्छ. कचेरीत शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे विचारायचे, आज किरमिजी का? साहेब एकदा म्हणाले, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, बाई? तलावातून तिथे पाणी जात नाही. मान्य करा आणि तक्ते पुरे करा." मी मान्य केलं नाही. पण घरी जाऊन रडले, हेही खरं.

शेवटी मी त्यातला एक खड्डा बाजूने खणून पाहिला. खड्ड्याच्या भिंतीत वीतभर माती गर्द किरमिजी झाली होती, लग्नाच्या शालूसारखी. त्यापुढे एकदम तपकिरी, रंगाचा डागही नाही. मी एक ढेकूळ रुमालात बांधून घरी आणलं आणि अण्णांपुढे ठेवलं.

अण्णांनी ते फोडलं, बोटांत चुरलं, पाण्यात टाकलं, ढवळलं. पाणी स्वच्छच राहिलं. मग ते इतके हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"तू माती रंगवलीस की गं," अण्णा म्हणाले. "आणि काय सुरेख रंगवलीस. धुतलं तरी जात नाही."

"पण पाणी पुढे गेलंच ना?"

"पाणी गेलं. रंग कापडाने धरला. चिकणमाती म्हणजे कापडच समज. नांदेतून लुगडं काढल्यावर पाणी कसं फिकं होतं? तसंच." मग त्यांनी हात धुतले आणि चहा घेता घेता सहज म्हणाले, "नांदेत रंगाबरोबर आपण मीठ घालतो. रंग कापडात राहतो. मीठ कुठे जातं?"

"धुतल्यावर पाण्याबरोबर."

"मग?"

आजतागायत मला दुसरा कुठलाही शिक्षक इतक्या कमी शब्दांत काही शिकवू शकला नाही.

रंगाऱ्याच्या घरी मिठाला तोटा नसतो. अण्णांनी तीन पोती जाडं मीठ बैलगाडीत घालून दिलं. पण मीठ घालणं म्हणजे किरमिजी पाण्याची गंमत नव्हे. ते विहिरीत उतरलं तर खरोखर उतरणार होतं, आणि ते पाणी अक्का पिणार होती, अबोलीला देणार होती. म्हणून मी तिला सगळं सांगितलं. मीठ का, किती, कशासाठी. बांध फोडायचा विचार चालू आहे, हेही सांगितलं. मग तिने एकच विचारलं.

"उप्पू परत नेशील ना?"

उप्पू म्हणजे मीठ. मी म्हणाले, "पुढच्या वर्षी तलाव भरला की वरून गोडं पाणी पाझरेल आणि मीठ धुऊन खाली घेऊन जाईल. हो, नेईन."

"सरी," ती म्हणाली, म्हणजे ठीक. "मग घाल."

मीठ घालण्याआधी मी महिनाभर रोज तिच्या विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन तपासलं. हे अण्णांनीच बजावलं होतं: डाग कुणाचा हे सांगायचं असेल तर कापड आधी कोरं होतं हे दाखवता आलं पाहिजे. तपासणी सोपी होती. पाण्यात एका विशिष्ट द्रावणाचे थेंब टाकायचे, मीठ असेल तर पाणी नासलेल्या दुधासारखं पांढरं होतं. किती थेंबांना किती, यावरून मीठ मोजता येतं. महिनाभर ते जवळजवळ निवळच राहिलं. साहेब एकदा त्या थेंब टाकलेल्या बाटल्यांपाशी थांबले, दोन-तीन उचलून उजेडात धरल्या आणि पुढे गेले.

मग बांधाच्या पायथ्याच्या त्याच खड्ड्यांत मीठ घातलं.

नवव्या दिवशी मी गावात पोचले तेव्हा अक्का विहिरीच्या कठड्यावर बसली होती. "बाटली भरायची गरज नाही," ती म्हणाली. "काल रात्रीपासून आलंय. स्वल्प." मी तरी बाटली भरली. कचेरीत थेंब टाकले. दूध नासलं.

त्यापुढे रोज चढत गेलं. मग तिच्या मळ्याच्या खालच्या बाजूच्या विहिरीतही उशिरा, थोडंसं. मी प्रत्येक आकडा दोन मापांत लिहिला आणि तक्ता साहेबांच्या टेबलावर ठेवला. मला वाटत होतं, आता रकाना बदलेल.

साहेबांनी तक्ता दोनदा वाचला. "उत्तम काम," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. "बांध गळतो याचा आता पक्का पुरावा झाला. नुकसानीचा रकाना कुणी खोडून काढू शकणार नाही."

"पण साहेब, ते पाणी विहिरीत गेलं. माणसं पितायत. ते नुकसान कसं?"

"तलावातून गेलं ना? तलावाच्या दृष्टीने नुकसानच."

"तलावाला दृष्टी असते का?"

"हे पहा," ते समजावू लागले, "उद्या नदीचं पाणी नळाने येईल. घरं होतील, रस्ते होतील. चार विहिरींसाठी एवढी जमीन पाण्याखाली ठेवायची? गळणारा तलाव ठेवण्यासारखा नाही, असं आता ठामपणे लिहिता येईल. तुमच्यामुळेच."

तुमच्यामुळेच. त्या दिवशी मी परस्पर गावात गेले. का गेले ते सांगता येणार नाही. अक्का अबोलीच्या वाफ्यात वाकली होती. पानांच्या कडा तपकिरी पडल्या होत्या, करपल्यासारख्या. "उप्पू लागलं त्यांना," ती म्हणाली, तक्रार न करता. "सारात मात्र मीठ घालावं लागत नाही. तू नेलंस की पुन्हा घालीन."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. बांध फोडला तर पुढच्या वर्षी तलाव भरणार नाही. तलाव भरला नाही तर वरून पाणी पाझरणार नाही. पाझरलं नाही तर मी घातलेलं मीठ तिच्या विहिरीतच राहणार. तिची फुलं जाणार, पिण्याचं पाणी जाणार, आणि ते बांध फोडणाऱ्यांनी नव्हे, मी, माझ्या बापाच्या घरच्या मिठाने केलेलं असणार. परत येताना बसमध्ये मी धुमसत होते. राग साहेबांचा थोडा आणि माझा जास्त.

समितीची बैठक गुरुवारी सकाळी दहाला होती. बुधवारी दुपारी अहवालाच्या सहा प्रती टाइप होऊन माझ्या टेबलावर आल्या. आकडे मूळ वहीशी ताडून बघायचं काम माझं होतं. प्रत्येक प्रतीत बारा पानं तक्ते, आणि प्रत्येक पानाच्या शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर तोच शब्द. खाली माझं नाव, 'आकडेमोड व तपासणी' असं. म्हणजे माझ्या नावाने तो शब्द जाणार होता.

मी जेवणाच्या सुट्टीत घरी गेले. अण्णा नांदेपाशी उभे होते, हात कोपरापर्यंत हिरवे.

"कागदावरून जाणार नाही असा रंग दे," मी म्हणाले.

"रबराने?"

"रबराने, ब्लेडने, कशानेच."

त्यांनी हात पुसले, आत गेले आणि औषधाच्या जुन्या बाटलीत रंग घेऊन आले. तोच किरमिजी, घट्ट कालवलेला. "हा कागदात उतरतो. खरवडलास तर कागद फाटेल, रंग जायचा नाही." बाटली माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलं, "नोकरी जाईल का?"

"बहुतेक."

"सरी," अण्णा म्हणाले. "मग अक्षर नीट काढ."

मी अक्षर नीट काढलं. दुपारभर बसून बहात्तर पानांवर तो शब्द आडव्या रेघेने खोडला, आणि वर लिहिलं: खालच्या विहिरींना पोचलेलं पाणी. पहिल्या पानाच्या समासात आणखी दोन ओळी लिहिल्या, की हे मिठाने मोजलं आहे, आणि बांध फोडल्यास हे मीठ विहिरींतच राहील. त्याखाली सही केली. आकड्यांना मी बोट लावलं नाही. शेवटच्या पानाला पोचले तेव्हा माझी बोटं अण्णांच्या बोटांसारखी दिसत होती.

साहेबांनी प्रती पाहिल्या आणि खुर्चीत बसले. ओरडले नाहीत. टायपिस्टने रबर आणलं, मग ब्लेड आणलं. एका पानाला भोक पडलं आणि भोकाच्या कडा किरमिजीच राहिल्या. शिपायाने धुण्याची पूड पाण्यात कालवून बोळा फिरवला. टाइप केलेले आकडे फिके पडले, रंग तसाच. बहात्तर पानं पुन्हा टाइप करायला तीन दिवस लागले असते.

"हा शिस्तभंग आहे," साहेब म्हणाले.

"आहे," मी म्हणाले. "आकडा एकही बदललेला नाही, तपासून घ्या."

त्यांनी खरंच तपासला. सबंध संध्याकाळ बसून माझी वही आणि तक्ते ताडून पाहिले. एकही चूक सापडली नाही.

गुरुवारी मला बैठकीत बोलावणार नव्हते. पण समितीचे अध्यक्ष, एक निवृत्त इंजिनियर, यांनी पहिलं पान उघडलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "हा रंग कुणाचा?" मग मला आत नेलं. लांब टेबल, सात माणसं, आणि सातांचे डोळे माझ्या बोटांवर.

"विहीर आधीपासूनच खारी नव्हती कशावरून?" अध्यक्षांनी विचारलं.

मी आधीच्या महिन्याची वही पुढे केली. त्यांच्या शेजारचे एक सदस्य म्हणाले, ही वही हिनेच लिहिलेली, हिचाच शब्द. मला वाटलं, झालं, संपलं.

तेव्हा साहेब घसा खाकरून म्हणाले, "आधीचे नमुने मी स्वतः पाहिले आहेत. पाणी गोडं होतं."

माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यांना मी नको होते, माझा रंग नको होता, पण एक आकडा खोटा ठरतोय हे त्यांच्याने बघवलं नाही. त्या माणसावर मी पुष्कळ चिडले आहे, पण या एका वाक्यासाठी अजून त्यांच्या पाया पडेन.

समितीने बांध फोडायचं तूर्त रद्द केलं. आणखी काही वर्षं मोजणी करावी, असं ठरलं. पंधरा दिवसांनी माझी हंगामी जागा पुढे चालू ठेवता येत नसल्याचं पत्र आलं. मी ते अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "रंग गेला नाही ना?" मी नाही म्हणाले. "मग बरं," म्हणाले, आणि भट्टीत लाकूड सारलं. पुढे मी मुलींच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवू लागले आणि तेच आयुष्यभर केलं. मिठाच्या त्या पद्धतीवर नंतर कचेरीने एक छोटं पुस्तक काढलं. त्यात माझं नाव नाही, याचं मला काही नाही. पण रंग मातीत राहतो आणि मीठ पाण्याबरोबर जातं हे ज्याने चहा पिता पिता सांगितलं, त्या पेठेतल्या रंगाऱ्याचा त्यात उल्लेख नाही, ते मला आजही चालत नाही. म्हणून इथे लिहून ठेवलं. ज्यांना संदर्भ लागतो त्यांनी हा घ्यावा.

पुढच्या वर्षी तलाव भरला. नीरगंटीने कुणाच्या तरी हाती निरोप पाठवला, की पाणी बांधाच्या खुणेच्या दगडाला लागलं. तरी मी गेले नाही. मीठ गेलं नसेल तर अक्कापुढे कुठल्या तोंडाने उभी राहू? असं करत दिवाळी उलटली, थंडी पडली. मग एका रविवारी शाळेतल्या कपाटातून तपासणीच्या द्रावणाची लहान बाटली पिशवीत टाकली आणि निघाले.

बांधावर नीरगंटी होता. त्याच्या पुढ्यात टोपली होती, वांग्यांची. मला पाहून त्याने फक्त खालच्या बाजूला हात केला.

अबोलीच्या वाफ्यातली जुनी झाडं उपटून टाकलेली होती आणि तिथे वीतभर उंचीची नवी रोपं उभी होती. अक्का विहिरीवर होती. मला बघून तिने काही विचारलं नाही, इतके दिवस कुठे होतीस असंही नाही. पोहरा आत सोडला, वर ओढला, तांब्या भरून माझ्यापुढे धरला. माझा हात पिशवीतल्या बाटलीकडे गेला होता. तिने ते पाहिलं आणि तांब्या आणखी पुढे केला.

मी बाटली काढली नाही. अण्णांसारखा एक घोट तोंडात घेतला, जिभेवर फिरवला आणि गिळला. मग सगळा तांब्या प्याले.

"नेलंस," अक्का म्हणाली, आणि दुसरा पोहरा ओढायला वळली.